तबसची धूळ : २४ एप्रिल १९८०



एप्रिलचा शेवट आला की आपल्यापैकी जे दिल्ली, जयपूर, हिसार, आग्रा, ग्वाल्हेर या पट्ट्यात राहतात, त्यांच्या मोबाइलवर हवामान खात्याची एक ठरावीक सूचना येऊ लागते. हवा कोरडी राहील, दुपारनंतर जोराचे वारे, काही ठिकाणी धुळीचे वादळ. आपण ती वाचतो, गच्चीवरचे कपडे काढतो, खिडक्या लावतो आणि विसरून जातो. पुण्या-मुंबईच्या माणसाला तर तिचं गांभीर्य कळतच नाही, कारण तिथे वादळ म्हणजे पाऊस. पण २ मे २०१८ च्या रात्री राजस्थान आणि उत्तर प्रदेशात अशाच वादळाने शंभरहून जास्त माणसं मारली. बरीचशी झोपेत, भिंती अंगावर पडून.

आज मी तुम्हाला अशाच एका कोरड्या, वाऱ्याच्या आठवड्याची गोष्ट सांगणार आहे. जागा इराण, तारीख २४ एप्रिल १९८०. अमेरिकेने तेहरानमधले आपले ओलीस सोडवायला जी मोहीम काढली, तिचं नाव ‘ऑपरेशन ईगल क्लॉ’. ती का फसली असं विचारलं तर बहुतेक जण ‘हेलिकॉप्टर बिघडली’ एवढंच सांगतात. ते खरं आहे, पण अर्धंच. मला त्यातलं हवामानाचं प्रकरण जास्त महत्त्वाचं वाटतं. सैन्यात असताना मी ते वाचलं तेव्हा दोन रात्री नीट झोप लागली नव्हती. का, ते पुढे सांगतो.

आधी पार्श्वभूमी थोडक्यात. ४ नोव्हेंबर १९७९ ला तेहरानमधल्या अमेरिकन वकिलातीवर विद्यार्थ्यांच्या जमावाने कब्जा केला. काहींना नंतर सोडलं, तरी एप्रिलमध्ये पन्नासहून जास्त अमेरिकन कैदेतच होते. वाटाघाटी चालल्या नाहीत. राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी शेवटी लष्करी मोहिमेला होकार दिला. परराष्ट्रमंत्री सायरस व्हान्स यांचा विरोध होता, त्यांनी राजीनामा दिला.

आता नकाशा डोळ्यांसमोर आणा. तेहरान समुद्रापासून फार आत आहे. विमानवाहू जहाज ‘निमिट्झ’ अरबी समुद्रात. तिथून एका दमात तेहरान गाठणं हेलिकॉप्टरला शक्यच नव्हतं. म्हणून मधे, तबस शहराच्या बाजूला, वाळवंटातली एक मोकळी सपाट जागा निवडली. तिचं सांकेतिक नाव ‘डेझर्ट वन’. आठ हेलिकॉप्टर जहाजावरून तिथे येणार, सुमारे ६०० सागरी मैल, म्हणजे अकराशे किलोमीटरच्या आसपास. ओमानच्या मसिरा बेटावरून सहा सी-१३० विमानं कमांडो आणि इंधन घेऊन तिथेच उतरणार. हेलिकॉप्टरांनी तेल भरायचं, कमांडो घ्यायचे आणि उजाडायच्या आत तेहरानजवळच्या डोंगरात लपायचं. खरी कारवाई दुसऱ्या रात्री. पुढे जायला कमीत कमी सहा चालू हेलिकॉप्टर हवीत हे आधीच ठरलेलं. आठ नेली ती त्या हिशेबाने.

एप्रिलच का? कारण रात्री लहान होत चालल्या होत्या. सगळा डाव अंधारावर उभा होता. मे महिना पुढे सरकला की एका रात्रीत एवढं अंतर कापून होणार नव्हतं. शिवाय हवा तापली की ती विरळ होते आणि हेलिकॉप्टरची उचलण्याची ताकद कमी होते. सियाचीनला काम केलेल्यांना विरळ हवेत किती कमी वजन उचलता येतं हे ठाऊक असतं, उन्हाळ्याच्या उष्णतेनेही तोच प्रकार होतो. गुरुवारची रात्र निवडली, कारण शुक्रवार तिकडे सुट्टीचा. असं सगळ्या बाजूंनी घेरत घेरत तारीख २४ एप्रिलवर आली. म्हणजे इराणच्या वाळवंटातल्या उन्हाळ्याच्या अगदी तोंडावर.

आता त्या हवेबद्दल. हिवाळ्यात आणि वसंतात भूमध्य समुद्राकडून एकामागून एक वादळी प्रणाली पूर्वेकडे सरकत येतात. इराण ओलांडून त्या अफगाणिस्तान, पाकिस्तान आणि आपल्या पंजाबपर्यंत पोचतात. आपण त्यांना पश्चिमी विक्षोभ म्हणतो. आपल्याकडच्या गव्हाला जानेवारीत जो पाऊस मिळतो तो यांचाच. पण एप्रिलमध्ये खालची जमीन तापलेली आणि हवा कोरडी ठणठणीत असते. ढग जमतात, गडगडतात, त्यांच्यातून पाऊस पडतोही, पण तो जमिनीपर्यंत येतच नाही, वाटेतच वाफ होऊन जातो. त्या बाष्पीभवनाने हवा थंड होते, जड होते आणि दाणकन खाली कोसळते. जमिनीला आपटून ती चहूकडे पसरते आणि मोकळी माती उचलते. सुदानमधले अरब याला ‘हबूब’ म्हणतात. आपल्या उत्तरेत ‘आँधी’ म्हणतात.

इथे एक बारकावा लक्षात घ्या. आँधीची भिंत येते, तासाभरात निघून जाते, हे आपल्याला माहीत आहे. पण वारा पडला तरी त्यातली सगळ्यात बारीक धूळ खाली बसत नाही. टाल्कम पावडरसारखी ती हवेत तरंगत राहते, कितीतरी तास. वर ढग नाही, तारे असायला हवेत, आणि तरी समोरचं काही दिसत नाही. जमिनीवरून शेकडो किलोमीटर दूर बसलेल्या हवामानतज्ज्ञाला उपग्रहाच्या चित्रात ढग दिसतात. रात्रीच्या अंधारात जमिनीलगत तरंगणारी ही पातळ धूळ त्या काळच्या उपग्रहातून दिसणं फार कठीण होतं.

तयारी कमी नव्हती. मोहिमेच्या तीनेक आठवडे आधी अमेरिकन हवाई दलाचे मेजर जॉन कार्नी एका छोट्या विमानातून रात्री डेझर्ट वनवर उतरले. धावपट्टीचे दिवे पुरले, मातीचे नमुने घेतले, आणि परत गेले. धाडसाचं काम. त्यांना जमीन कडक लागली, जड विमान पेलेल अशी. पण २४ तारखेला सी-१३० विमानं उतरली तेव्हा त्याच जमिनीवर घोट्याएवढी मऊ धूळ साचलेली होती. मधल्या तीन आठवड्यांत वाऱ्याने ती आणून टाकली होती. कार्नींची पाहणी चुकीची नव्हती. ज्या दिवशी केली त्या दिवशी ती बरोबरच होती.

त्या संध्याकाळी साडेसातच्या सुमारास आठही आरएच-५३ हेलिकॉप्टर निमिट्झवरून उडाली. हेलिकॉप्टर नौदलाची, चालवणारे बहुतांश मरीन. सराव अमेरिकेतल्या ॲरिझोनाच्या वाळवंटात केलेला. रडार चुकवण्यासाठी अगदी खालून उडायचं आणि रेडिओवर एक शब्द बोलायचा नाही, असा हुकूम.

दोनेक तासांनी सहा क्रमांकाच्या हेलिकॉप्टरमध्ये पंख्याच्या पात्याला तडा गेल्याची शक्यता दाखवणारा इशारा आला. या पात्यांमध्ये नायट्रोजन भरलेला असतो, त्याचा दाब कमी झाला की दिवा लागतो. वैमानिकांनी ते वाळवंटात उतरवलं आणि सोडून दिलं. आठ क्रमांकाच्या हेलिकॉप्टरने त्यांना उचलून घेतलं. उरली सात.

साधारण अर्ध्या वाटेवर पहिली धूळ लागली. वैमानिकांना आधी ते धुकं वाटलं. मग कळलं की हे धुकं नाही. सोबतचं हेलिकॉप्टर दिसेना. रात्री दिसण्यासाठी लावलेल्या चष्म्यांचा उपयोग संपला. बाहेर बघून उडणं बंद, फक्त समोरच्या काट्यांवर भरवसा. ते तिथून बाहेर पडले, सुटलो म्हणेपर्यंत दुसरा पट्टा लागला. हा पहिल्याहून मोठा आणि दाट. तुकडीचे प्रमुख लेफ्टनंट कर्नल एडवर्ड सायफर्ट यांनी तर मधे आपलं हेलिकॉप्टर जमिनीवर उतरवलं, वरिष्ठांशी उपग्रह रेडिओवर बोलले आणि पुढे जायचा निर्णय झाल्यावर पुन्हा उडाले. बाकीच्यांना यातलं काही कळलं नाही. रेडिओ बंद होते ना! आकाशात पांगलेली सात हेलिकॉप्टर, आणि प्रत्येकाला वाटतंय की या धुळीत आपण एकटेच आहोत.

पाच क्रमांकाच्या हेलिकॉप्टरची दिशा आणि उड्डाण दाखवणारी काही महत्त्वाची उपकरणं या दुसऱ्या पट्ट्यात बंद पडली. पुढे डोंगर होते. धुळीचा शेवट कुठे आहे ते माहीत नव्हतं. डेझर्ट वनवर हीच धूळ असेल तर उतरायचं कसं? वैमानिकाने मागे वळण्याचा निर्णय घेतला आणि तो निमिट्झवर परत गेला. उरली सहा.

ती सहा हेलिकॉप्टर ठरल्या वेळेपेक्षा ५० ते ८५ मिनिटं उशिरा, एकेक करून डेझर्ट वनवर पोचली. तिथे हवा स्वच्छ होती. पण दोन क्रमांकाच्या हेलिकॉप्टरचा हायड्रॉलिक पंप वाटेतच गेला होता, ते पुढे नेण्याजोगं नव्हतं. उरली पाच. किमान सहा हवीत हा आकडा शांत डोक्याने आधी ठरवलेला होता. कमांडो तुकडीचे कर्नल चार्ल्स बेकविथ यांनी पाचावर जायला नकार दिला. मला त्यांचा हा निर्णय बरोबर वाटतो. मध्यरात्री, वाळवंटात, इंजिनांच्या गोंगाटात आकडा बदलायचा मोह किती होतो हे जे तिथे उभे राहिलेत त्यांनाच कळतं. निरोप वॉशिंग्टनला गेला, कार्टर यांनी मोहीम रद्द करायला मान्यता दिली.

आणि मग निघताना घात झाला. एका हेलिकॉप्टरला जागेवरून हलवायचं होतं. त्याचा पंखा फिरला, ती घोटाभर मऊ धूळ ढगासारखी उठली, वैमानिकाला काही दिसेना आणि हेलिकॉप्टर शेजारी उभ्या, इंधनाने भरलेल्या सी-१३० वर जाऊन आदळलं. आठ जण गेले. पाच हवाई दलाचे, तीन मरीन. उरलेली हेलिकॉप्टर तिथेच टाकून सगळे विमानांत बसून निघून गेले. ओलीस सुटले ते २० जानेवारी १९८१ ला, ४४४ दिवसांनी, वाटाघाटींतून.

आता मी ज्यासाठी हा विषय घेतला ते सांगतो.

मोहिमेची चौकशी करायला निवृत्त ॲडमिरल जेम्स हॉलोवे यांच्या अध्यक्षतेखाली सहा वरिष्ठ अधिकाऱ्यांचा गट नेमला गेला. त्यांनी २३ मुद्दे तपासले आणि ऑगस्ट १९८० मध्ये अहवाल खुला केला. सैन्याच्या चौकशीत सहसा दोन गोष्टी होतात, एक तर सगळं झाकतात, नाहीतर कुणा एकाचा बळी देतात. हा अहवाल त्या मानाने सरळ आहे. त्यातला हवामानाचा भाग मी पुन्हा पुन्हा वाचला.

मोहिमेसाठी हवामानतज्ज्ञांची खास तुकडी होती. तिने महिनोन्‌महिने इराणच्या हवेचा अभ्यास केला होता. त्या रात्रीचा त्यांचा अंदाज आकाश निरभ्र राहील असा होता, आणि ढगांपुरता तो खरा ठरला. धुळीचा नेमका अंदाज त्यांना देता आला नाही. हे मी त्यांच्या माथी मारणार नाही, आजही ते सोपं नाही. पण याच तुकडीने एक तक्ता केला होता. इराणमध्ये कोणत्या ठिकाणी, कोणत्या महिन्यात तरंगती धूळ किती वेळा आढळते, याचा तक्ता. तो मोहिमेच्या आराखड्याला जोडलेल्या हवामानाच्या परिशिष्टात होता. म्हणजे धूळ लागू शकते हे कागदावर होतं.

हेलिकॉप्टरच्या वैमानिकांनी तो तक्ता पाहिलाच नव्हता. अशी काही गोष्ट असते हेच त्यांना माहीत नव्हतं.

हे कसं झालं? नेहमीची पद्धत अशी की उड्डाणाआधी हवामान अधिकारी वैमानिकांसमोर उभा राहतो. अंदाज सांगतो. वैमानिक प्रश्न विचारतात. ‘ढग किती उंचीवर? वारा कुठून? आणि दिसलंच नाही तर?’ या शेवटच्या प्रश्नातून खरी माहिती बाहेर येते, कारण अंदाजाच्या कागदावर नसलेली गोष्ट अधिकाऱ्याला त्या क्षणी आठवते. या मोहिमेत गुप्ततेसाठी ही भेटच बंद केली होती. हवामानाची तुकडी एकीकडे, वैमानिक दुसरीकडे, आणि मधे एक गुप्तवार्ता अधिकारी. तो अंदाज घ्यायचा आणि पुढे पोचवायचा. तो काही हवामानतज्ज्ञ नव्हता. त्याला विचारून काय उपयोग होता?

६ जून १९४४ च्या नॉर्मंडीच्या चढाईची तयारी याच्याशी ताडून पाहा. ती काय कमी गुप्त होती? पण तिथे ग्रुप कॅप्टन जेम्स स्टॅग हे हवामानतज्ज्ञ आयसेनहॉवरसमोर रोज उभे राहायचे आणि उलटतपासणीला सामोरे जायचे. एका दिवसाने चढाई पुढे ढकलली ती त्या खोलीतल्या प्रश्नोत्तरांमुळे.

हॉलोवे गटाने आणखी एक विचारलं. हेलिकॉप्टरांच्या पुढे हवामान टेहळणीचं विमान पाठवता आलं असतं का? आलं असतं, असं त्यांचं मत. त्याहून बोचणारी गोष्ट म्हणजे सी-१३० विमानं त्याच भागातून जात होती, धूळ त्यांनाही लागली होती, ती पार करून त्यांतली पहिली डेझर्ट वनवर आधी पोचलीही होती. तिथे तारे दिसत होते. ही बातमी मागून येणाऱ्या हेलिकॉप्टरांपर्यंत उपयोगी पडेल अशा वेळी पोचली नाही. रेडिओवर बोलायचं नव्हतं.

पाच क्रमांकाच्या वैमानिकाने चौकशीत सांगितलं की डेझर्ट वनवर हवा स्वच्छ आहे हे कळलं असतं तर तो बहुधा पुढे गेला असता. मग मोहीम यशस्वी झाली असती का? मी तसं म्हणणार नाही. तेहरानमध्ये पुढे काय वाढून ठेवलं होतं कोण जाणे. कदाचित आठांच्या जागी ऐंशी मेले असते. पण पुढे जायचं की नाही, हा निर्णय तरी हिशेबाने झाला असता.

आता माझी झोप का उडाली ते. मी तरुण अधिकारी असताना जैसलमेरच्या पुढे एका सरावात होतो. मे महिना, कोरडी हवा, दुपारी अंगाची लाही. एका संध्याकाळी मी ड्यूटी ऑफिसर होतो. हवामानाचा संदेश आला, रात्री वारे आणि धूळ अपेक्षित. मी तो नोंदवहीत लिहिला, वेळ टाकली, सही केली. रात्री नऊला आमच्या गाड्यांचा एक ताफा दिवे झाकून निघणार होता. तो निघाला तेव्हा मी शंभर पावलांवर बसलो होतो. ताफ्याला सांगायला कुणी सांगितलं नाही, म्हणून मी सांगितलं नाही. आमचे सुभेदार साहेब साताऱ्याकडचे. ते ताफ्यासोबत होते. वादळ अकराच्या आसपास आलं. एक ट्रक वाट सोडून कलंडला, ड्रायव्हरच्या गळ्याचं हाड मोडलं. तेवढ्यावर निभावलं.

सकाळी सुभेदार साहेब आले. डोळे लाल, मिशीत वाळू. मला म्हणाले, “साहेब, रात्रीचं काही आलं होतं का?” मी नोंदवही पुढे केली. त्यांनी वाचली, वेळ बघितली, सही बघितली, आणि काही न बोलता परत ठेवली. मला कुणी जाब विचारला नाही, कारण नियमाप्रमाणे माझं काम पुरं झालं होतं. पुढे बऱ्याच वर्षांनी हॉलोवे अहवालात त्या तक्त्याबद्दल वाचलं आणि मला पहिल्यांदा ती नोंदवही आठवली. इराणमध्ये ज्या कुणी तो तक्ता परिशिष्टाला जोडला, त्याचंही काम नियमाप्रमाणे पुरं झालेलंच होतं.

अमेरिकेने त्या रात्रीनंतर बरंच बदललं. १९८६ चा गोल्डवॉटर-निकोल्स कायदा, १९८७ मध्ये विशेष मोहिमांसाठी स्वतंत्र कमांड, यांची मुळं बऱ्याच अंशी डेझर्ट वनमध्ये आहेत. या बदलांवर पुस्तकंच्या पुस्तकं आहेत, त्यात मी शिरत नाही.

इराणी लोक या घटनेकडे वेगळ्या नजरेने बघतात. अयातुल्ला खोमेनींनी त्या वाळूला ईश्वराने पाठवलेली मानलं. तिथे मशीद आहे, दरवर्षी त्या दिवसाची आठवण पाळली जाते. तबस शहर त्याआधी दीड वर्षांपूर्वी, सप्टेंबर १९७८ च्या भूकंपात जवळपास पूर्ण जमीनदोस्त झालं होतं. ज्यांनी ते पाहिलं, त्यांनी या वादळाला काय म्हणावं यावर मी कशाला बोलू? हवेचा अभ्यास करणाऱ्याला मात्र त्यात वसंत संपतानाचा एक नेहमीचा आठवडा दिसतो. त्या वर्षी तो आला, त्याच्या पुढच्या वर्षीही आला असेल.

मागच्या भागाखाली नागपूरच्या एका ताईंनी विचारलं होतं की मोबाइलवरच्या पिवळ्या आणि नारिंगी इशाऱ्यांत फरक काय. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयार राहा, आणि लाल म्हणजे आता हालचाल करा. ताई, तुमचा मुलगा हिसारला असतो असं तुम्ही लिहिलं होतं. नारिंगी आला तर त्याला फोन करा. त्याने वाचला असेल असं धरून चालू नका.

पुढच्या भागात भेटू. जय हिंद.